अठरा तासांवरचं कॉलेज

आमच्या ताईचं कॉलेज घरापासून चार मिनिटांवर होतं. ते निवडण्यामागे फार खोल विचार झाला असेल असं कोणी समजू नये. बाबांनी एकच कसोटी लावली होती. तास सुटल्याची घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायला हवी, आणि ती यायची. घंटा झाली की आई चहाचं आधण ठेवायची, आणि आधणाला उकळी फुटायच्या आत ताई दारात उभी. उच्च शिक्षणाचा आणि चहाचा असा मेळ फार थोड्या घरांत बसला असेल.

घरात तिला भिंगरी म्हणत. दोन-तीन वर्षांची असताना ती एका जागी ठरत नसे, म्हणून कोणीतरी ते नाव ठेवलं आणि मग बदलायचं राहून गेलं. मला कळायला लागल्यापासून तरी ती अख्ख्या गावातली सर्वांत कमी फिरणारी भिंगरी होती. सकाळी कॉलेज, दुपारी दुकान, संध्याकाळी पुन्हा दुकान.

दुकान बाबांचं, चष्म्यांचं. खाली दुकान, वर घर, आणि मधे सोळा पायऱ्यांचा लाकडी जिना. वरून सहाव्या पायरीवर बसलं की दुकानात बोललेला शब्द न् शब्द ऐकू येतो. मी ताईपेक्षा सहा वर्षांनी लहान. माझं बरंचसं शिक्षण त्या पायरीवर झालं, आणि ते शाळेतल्यापेक्षा जास्त टिकलं.

दुकानाच्या पुढच्या भागात काचेची कपाटं, अक्षरांचा तक्ता, गोल आरसा आणि बाबा असत. मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र, पाण्याचं भांडं, स्क्रूच्या डब्या आणि ताई. ती बाराव्या वर्षी तिकडे गेली. आधी नुसते स्क्रू निवडायला, मग दांड्या बसवायला, मग काचा घासायला. विसाव्या वर्षी ती इतकी तयार झाली होती की फ्रेम हातात घेतली की डावी दांडी कुठे वाकली आहे हे न मोजता सांगायची. याबद्दल तिचं कधी कोणी कौतुक केलं नाही. आमच्याकडे कौतुक गिऱ्हाइकांचं करत, कारण गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकतं.

या गोष्टीच्या दोन वर्षं आधी बाबांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. बाबांचं म्हणणं, यंत्र थरथरतं. त्यांनी यंत्राखाली रबर घातलं. मग यंत्र दुसऱ्या भिंतीला लावलं. मग ते काढून नवं आणलं. तिन्ही वेळा यंत्र निर्दोष सुटलं. त्यानंतर बारीक काम हळूहळू ताईकडे सरकत गेलं. "तू मोकळीच आहेस ना, मग एवढं बघ," असं म्हणत म्हणत दोन वर्षांत दुकानातून बाहेर पडणारी प्रत्येक काच तिच्या हातची झाली. दारावरच्या पाटीवर नाव अर्थातच बाबांचं होतं.

कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकत होती. तिथल्या प्रयोगशाळेत प्रकाशाच्या प्रयोगांसाठी एक चांगलं यंत्र होतं आणि ते चांगलंच राहावं म्हणून कपाटात कुलूपबंद होतं. मुलं आदल्या वर्षीच्या वह्यांतून उत्तरं उतरवून घेत. प्रयोग न करता उत्तर बरोबर यायचं, त्यामुळे सगळेच समाधानी होते. एकदा ताईने सरांना विचारलं, "जाड काचेच्या कडेला रंग दिसतात, ते घालवायचे कसे?" तिच्यासाठी हा प्रश्न पुस्तकातला नव्हता. दुकानात रोज कोणी ना कोणी त्याची तक्रार करायचं.

"अभ्यासक्रमात आहे का?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग ते रंग राहू देत."

त्याच आठवड्यात काचांचं एक खोकं आलं. आतल्या काचा जुन्या छापील कागदात गुंडाळल्या होत्या, आणि त्यातल्या एका कागदावर एका कॉलेजची जाहिरात होती. तिथे फक्त डोळा आणि काच एवढंच शिकवत. काच घडवण्यापासून डोळा तपासण्यापर्यंत सगळं. आगगाडीने अठरा तास. ताईने तो चुरगळलेला कागद इस्त्रीखाली सरळ केला आणि कोणाला न सांगता तिकडे पत्र टाकलं.

कोणाला न सांगता केलेल्या गोष्टीचं उत्तर दुकानाच्या पत्त्यावर मागवू नये एवढं व्यवहारज्ञान तिला नव्हतं. दुकानावर येणारं प्रत्येक पत्र बाबा उघडायचे. हेही उघडलं. दुसऱ्या वर्षाची एक जागा रिकामी होती, तिचे गुण त्यांना चालत होते, आणि आधीच्या कॉलेजचा सोडल्याचा दाखला घेऊन ती दोन महिन्यांच्या आत हजर होऊ शकत असेल तर एकवीस दिवसांत कळवायचं होतं.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, आणि ताईशी एक अक्षर न बोलता आत्याला फोन केला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि आमच्या घरातल्या निर्णयांसाठी कायम हाताशी असायची. आईच्या बाजूनेही कोणी हवं म्हणून मामाला बोलावलं. मामा कामानिमित्त गावोगाव फिरायचा, त्यामुळे अंतर या विषयात त्याला घरात मान होता. रविवारी सकाळी चौघं बैठकीच्या खोलीत बसले. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. जिचा प्रश्न तिला बसायला खुर्ची नव्हती, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"त्या गावाचं पाणी वाईट आहे," मामाने सुरुवात केली.

"तू राहिलायस तिथे?" बाबांनी विचारलं.

"गाडी वीस मिनिटं थांबली होती. उतरून प्यायलो ना. दोन दिवस पोट धरून होतो, भावोजी."

आत्याचा मुद्दा पाण्याचा नव्हता. "इथे काय कमी आहे तिला? कॉलेज दारात, दुकान पायाखाली. उद्या दुकान तिचंच आहे. शिकून तरी काय करणार? चष्मेच ना? ते तर ती आत्ताही करते."

हा युक्तिवाद इतका चोख होता की बाबांनी तो लगेच आपला म्हणून पुढे मांडला. ते म्हणाले, "मी तिच्या भल्याचंच बघतोय. मी काही तिला अडवत नाही." आमच्या घरात कोणी कोणाला कधीच अडवत नाही. फक्त दारात उभे राहतात.

दोन तास चर्चा झाली. रेल्वेतली गर्दी, वसतिगृहातले ढेकूण, मामाच्या साहेबाची मुलगी जी लांब शिकायला गेली आणि आता वर्षाला एकच पत्र लिहिते, सगळ्यांचा परामर्श घेण्यात आला. आई मधूनमधून चहा आणून ठेवत होती आणि रिकामे कप उचलत होती. बाबांच्या हाताबद्दल कोणी बोललं नाही. बोलताना बाबांनी तो मांडीखाली ठेवला होता.

माझं मत कोणी विचारलं नाही, पण ते सांगून टाकते. ताई जावी असं मला मनापासून वाटत होतं, कारण खिडकीजवळचा पलंग तिचा होता.

बैठकीत काही ठरलं नाही. ताईने मात्र दाखला तरी मिळतो का ते बघू म्हणून कॉलेजच्या कार्यालयात चक्कर मारली. तिथल्या कारकुनांनी तिला एक अर्ज दिला. त्यात कॉलेज सोडण्याचं कारण लिहायला रकाना होता आणि त्याखाली बारीक अक्षरात तीन पर्याय होते.

"वडिलांची बदली, आजारपण, लग्न," कारकून म्हणाले. "यातलं एक लिहा."

"मला दुसरीकडे शिकायला जायचंय."

"शिकायला तुम्ही इथे आलाच आहात."

"तिथे जास्त चांगलं शिकवतात."

कारकुनांनी चष्मा वर केला. तो चष्मा ताईनेच केलेला होता. "असं कारण आजवर कोणी दिलेलं नाही. आजारपण लिहून टाका."

"पण मी आजारी नाही."

"कॉलेजची काही हरकत नाही," कारकून समजुतीने म्हणाले.

ही बातमी सरांपर्यंत पोचली. दीड वर्षात त्यांना ताईचं नाव पाठ झालं नव्हतं. ते तिला 'तिसऱ्या बाकावरची' म्हणत. आता त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि तिच्याकडून कॉलेजला किती आशा होत्या ते सांगितलं. तिसऱ्या बाकाकडे कॉलेज इतकं आशेने बघत होतं हे तिला तेव्हा कळलं. सर म्हणाले, "तुझ्यासारख्या मुली गेल्या तर इथे राहणार कोण?" कुलूपबंद यंत्राबद्दल मात्र काही बोलले नाहीत.

इकडे बाबांनी एक वेगळाच उद्योग आरंभला. ताई कॉलेजात असताना ते मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेऊ लागले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी पुन्हा स्वतः काच घासायला घेतली होती. तुझ्यावाचून कोणाचं अडत नाही हे मुलीला दाखवून द्यायचं होतं, की मुलीवाचून आपलं अडत नाही हे स्वतःला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पहिला चष्मा त्यांनी शाळेतल्या बाईंचा केला.

बाई म्हणजे तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्या दोघींनाही त्यांनी शिकवलं होतं. त्यांचा नंबर असा होता की काच कोणत्या दिशेने बसवली यावर सगळं अवलंबून. गोल काच कशीही फिरवली तरी चालते, ही चालत नाही. घड्याळाचा काटा एका मिनिटावरून दोनवर जावा एवढी जरी फिरली तरी सरळ रेघ तिरकी दिसते.

बाई दुकानात आल्या त्या दाराची कड धरून. दुपारची वेळ होती, ताई नुकतीच कॉलेजातून आली होती. मी सहाव्या पायरीवर होते.

"तुमच्या दुकानाच्या फरशीला उतार काढलाय का?" बाईंनी विचारलं.

"नाही तर," बाबा म्हणाले.

"माझ्या घराच्याही काढलेला नाही. ग्रंथालयाच्याही नाही. पण सगळं गाव डावीकडे घसरतंय."

"नवा नंबर आहे, बाई. चार दिवस सवय होऊ द्या."

"आज नववा दिवस आहे. काल मी पायरी चुकले. गुडघा बघा."

ताईने पुढे होऊन चष्मा घेतला, मागे नेला, नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. परत आली तेव्हा तिने बाबांकडे बघितलं नाही. "चूक माझी आहे, बाई. घाईत बसवली गेली. उजवी काच फिरलीय. उद्या नवीन करून देते."

बाबांनी कपाटाची काच फडक्याने पुसायला घेतली, आणि फडकं डाव्या हातात होतं.

"तू चौथीत असतानाही," बाई म्हणाल्या, "खोटं बोलताना असंच टेबलाकडे बघायचीस." मग त्यांनी बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ही लांब शिकायला जाणार म्हणे. मग माझ्या काचा कोण करणार?"

त्या तीन आठवड्यांत जेवढी माणसं या विषयावर बोलली, त्यांत प्रामाणिक आक्षेप एवढा एकच होता. बाकी सगळे तिच्या भल्याचं बोलत होते. बाई निदान स्वतःच्या गुडघ्याचं बोलत होत्या.

त्या संध्याकाळी ताईने जाहीर केलं की ती जाणार नाही. किती शांतपणे जाहीर केलं. मान थोडी खाली, आवाज थोडा ओला. म्हणाली, "माझी इथे गरज आहे." बाबांनी मान हलवली. आत्याला फोन गेला. आत्या तासाभरात हजर झाली, ताईच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली की अशा मुली हल्ली मिळत नाहीत. मामाने फोनवरून पाण्याचा मुद्दा पुन्हा एकदा समजावून सांगितला. ताई ते सगळं ऐकून घेत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं होतं की मला तिचा राग आला. अर्थात माझा पलंगही गेला होता, म्हणून माझ्या रागावर फार विसंबू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा वर झोपले होते. ताई मागच्या खोलीत बाईंच्या काचा घासत होती. आई जिना उतरून खाली गेली. जाताना माझ्या शेजारून गेली, माझ्याकडे बघितलं, आणि मला उठ म्हणाली नाही. आई दुकानाच्या मागच्या खोलीत गेलेली मी कधी पाहिली नव्हती. पंचवीस वर्षांत तिचं काम वर होतं आणि ते वरच राहिलं होतं.

"एकवीस दिवस झाले," आई म्हणाली. "किती जणांना विचारलंस, जाऊ का म्हणून?"

"मी कुठे विचारलं? सगळ्यांनी आपणहून सांगितलं."

"मी सांगितलं?"

यंत्र बंद झालं. "नाही."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तू काय सांगणार होतीस?"

"ते विचारल्याशिवाय कसं कळणार?" आईने स्टूल ओढलं असावं, लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज आला. "बसते जरा. का नाही जात?"

"बाबांच्या हाताचं बघतेस ना तू? मी गेले तर दुकान कोण चालवणार?"

"तू नसतीस जन्माला आली, तर काय केलं असतं त्यांनी?"

"बंद केलं असतं."

"काही बंद करत नाहीत. एखादा कारागीर ठेवला असता, नाहीतर मला खाली बोलावलं असतं. तू होतीस म्हणून दोन्ही केलं नाही." स्टूल पुन्हा फरशीवर घासलं. "ते राहू दे. हात बाजूला ठेव, दुकान बाजूला ठेव. तुला जायचंय का?"

यंत्राच्या नळातून भांड्यात ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं.

"भीती वाटते," ताई म्हणाली.

"कशाची? ढेकणांची?"

"इथे या खोलीत माझ्याइतकं कोणालाच येत नाही. तिथे सगळ्यांनाच येत असेल. आणि मला नाही आलं तर?"

"हां," आई म्हणाली. "मग तसं म्हण ना. भीती वाटते म्हणून जात नाही म्हण. आम्ही ऐकून घेऊ. पण बापाच्या हातामागे लपू नकोस. त्यांना स्वतःलाच तिथे लपायला जागा पुरत नाही."

आई बारा महिने भाजी निवडत असते आणि बोलत नसते, तेव्हा ती काय करत असते हे मला त्या दिवशी कळलं.

ताई रडली की नाही ते पायरीवरून समजलं नाही. थोड्या वेळाने आईचा आवाज आला, "बरं, हे सुरू कसं करतात?"

"काय?"

"यंत्र. बघत काय बसलीस, दाखव."

उत्तर पाठवायचा तो शेवटचा दिवस होता. ताईने संध्याकाळी तार केली की येते. कारण काय, कोणाच्या भल्यासाठी, असलं काही त्यात लिहिलं नाही. तारेत एवढे शब्द मावत नाहीत हे एक बरं असतं. बाबांना तिने स्वतः जाऊन सांगितलं. "मी जातेय. एक वर्ष बघते. नाही जमलं तर परत येईन." बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. पान वाचून झालेलं नव्हतं.

मग महिनाभर आमच्या घरात जे चाललं त्याला दुसरं नाव नाही म्हणून शिक्षण म्हणायचं. आई रोज सकाळी नऊ ते अकरा खाली. वरचा चहा माझ्या आणि बाबांच्या अंगावर. बाबांना चहा करता येत नाही हे तोवर फक्त ऐकून माहीत होतं. आत्याने येऊन आईला समजावलं, "वहिनी, या वयात हे काय नवं?" आईने तिला मागच्या खोलीतच स्टुलावर बसवलं आणि तिच्या हातात पुसायला चष्मे दिले. आत्या पुन्हा त्या वेळेला आली नाही.

आईने पहिल्या महिन्यात सत्तेचाळीस काचा फोडल्या. दुकानात पडून असलेल्या, कोणाच्या उपयोगाच्या नसलेल्या काचा होत्या, पण फुटल्याचा आवाज चांगल्या काचांसारखाच येतो. प्रत्येक आवाजाला पुढच्या खोलीत बाबा डोळे मिटून घ्यायचे. तिसऱ्या आठवड्यात एकदा त्यांना राहवलं नाही. ते आत गेले आणि दोन्ही हात खिशात घालून आईच्या मागे उभे राहिले.

"अंगठा खाली घे," ते म्हणाले. "दाबू नकोस. काच चाकाला ऐकू येईल एवढीच टेकव."

"ऐकू येईल म्हणजे कशी?"

"टेकवली की आवाज बदलतो. तो बदलला की थांब. बघून काही कळत नाही."

त्या दिवसापासून ते रोज आत जाऊ लागले. ताई बाजूला उभी राहून ऐकायची. नंतर तिने मला सांगितलं की आवाजाची ही गोष्ट बाबांनी तिला कधीच सांगितली नव्हती. ती सगळं बघून शिकली होती. त्यांचा हात चालत होता तोवर त्यांना बोलून शिकवायची गरज पडली नव्हती.

दाखल्याचा प्रश्न शिल्लक होता. कारकून अडून बसले होते. शेवटी बाबा स्वतः कॉलेजात गेले, सोबत ताई आणि विनाकारण मी. बाबांनी अर्ज घेतला, डाव्या हाताने, वेडंवाकडं, कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वडिलांची बदली'.

कारकुनांनी वाचलं. "तुमचं तर दुकान आहे. बदली कुठून कुठे?"

"मागच्या खोलीतून पुढच्या खोलीत," बाबा म्हणाले.

"बदलीचा हुकूम जोडावा लागतो."

"हुकूम घरी आहे. ती इथे येणार नाही."

कारकुनांनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा टेबलावर ठेवलेल्या त्यांच्या उजव्या हाताकडे. तो लपवायचं बाबा त्या दिवशी विसरले होते, किंवा विसरले नव्हते. शिक्का बसला.

ताई गेली त्या सकाळी स्टेशनावर सगळे आले होते. मामाने पाणी उकळून प्यायला सांगितलं. आत्याने वसतिगृहात कोणाशी बोलायचं नाही याची यादी दिली, ती वगळल्यावर बोलायला भिंती उरत होत्या. ताईने सगळ्यांना हो म्हटलं आणि खिडकीत बसून गाडी हलेपर्यंत माझ्याशी मुद्दाम फालतू बोलत राहिली. घरी आल्यावर मी खिडकीजवळच्या पलंगावर आडवी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला ऊन थेट डोळ्यांवर आलं. ताई इतकी वर्षं लवकर उठायची ती अभ्यासासाठी नव्हे, झोपताच येत नव्हतं म्हणून.

आता तिथे काय झालं ते. काचा शिकवणाऱ्या त्या थोर कॉलेजात काच घासायचं यंत्र आमच्याच कंपनीचं होतं आणि आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी जुनं. तिथल्या सरांनीही दोन महिने तिला नावाने हाक मारली नाही. पण कपाटांना कुलपं नव्हती. संध्याकाळी सातपर्यंत कोणीही काहीही उघडून बघायचं, मोडलं तर दुरुस्त करायचं. रंगांबद्दलचा प्रश्न तिने पहिल्याच आठवड्यात विचारला, तेव्हा सर म्हणाले की कपाटात तीन जातींच्या काचा आहेत, दोन-दोन चिकटवून बघ आणि शुक्रवारी मला सांग. शुक्रवारी तिला सांगता आलं नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आलं.

पहिल्या सहा महिन्यांत ती एका विषयात नापास झाली. काचेच्या नव्हे, डोळ्याच्या. डोळा घासून ठीक करता येत नाही, तो पाठ करावा लागतो. तिने दुकानात फोन केला. बाबांनी तो आईकडे दिला.

"परत येऊ का?" ताईने विचारलं.

"माझ्या सत्तेचाळीस फुटल्या होत्या," आई म्हणाली. "तुझा एकच विषय आहे. आणि इथे स्टूल एकच आहे, त्यावर मी बसते."

ताईने तो विषय पुढच्या खेपेला सोडवला. एक वर्ष बघते म्हणून गेलेली ती तिथेच राहिली. त्या गावात एक लहानसा कारखाना आहे, अकरा माणसांचा. ज्यांची नजर जवळजवळ गेलेली आहे अशांसाठी तिथे जाड, विचित्र, कोणालाही शोभून न दिसणाऱ्या काचा बनवतात. एकेकाला त्या लावल्या की नातवाचं नाक दिसतं, भाजीची किडकी बाजू दिसते. ती तिथे काम करते. वर्षातून दोनदा घरी येते, आणि आल्या आल्या आत्या तिला विचारते की अखेर तू करतेस काय, तर चष्मेच ना. ताई म्हणते, हो.

बाईंनी आईने केलेला पहिला चष्मा दोन महिने वापरला नाही, जुनाच लावून फिरत होत्या. मग एकदा जुन्यावर बसल्या. नाइलाजाने नवा लावला, दुकानात आल्या, फरशीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "सरळ आहे." गणिताच्या बाईंकडून याहून जास्त कोणाला मिळालेलं नाही.

गेल्या वर्षी आई पहिल्यांदा ताईकडे गेली. चार दिवसांसाठी. ताई तिला कारखाना दाखवायला घेऊन गेली. आई सगळीकडे फिरली, कोणाच्या कामात न पडता बघत राहिली, मग एका बाईच्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि पॉलिशची पूड कुठली वापरता म्हणून विचारलं. संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती. दुसऱ्या दिवशीही गेली. आठवा दिवस उजाडला तेव्हा बाबांचा फोन आला. लहान पेचकस सापडत नव्हता, दुधाचं पातेलं करपलं होतं, आणि दोन गिऱ्हाइकं तुझ्यासाठी थांबली आहेत म्हणाले.

"कधी येतेस?" त्यांनी विचारलं.

आईच्या हातात कोणाची तरी काच होती. तिने ती उजेडाकडे धरली, जरा फिरवली, पुन्हा धरली.

"बघते," ती म्हणाली.